खेळ आणि गाणे: दोन हेडफोनांचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये मी एकाच आठवड्यात दोन हेडफोन घेतले. पहिला माईकसह येणारा, बंद कपांचा गेमिंग हेडसेट. तो यूएसबीवर चालतो आणि त्याच्या खोक्यावर ‘७.१ सराउंड’, म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज, असे ठळक छापलेले आहे. दुसरा संगीतासाठी बनवलेला, १२० ओहम विद्युतरोधाचा ओपन-बॅक, म्हणजे ज्याच्या कपांना बाहेरून जाळी असते असा, आणि त्याला माईक नाही. मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात राहतो, रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन खेळ खेळतो आणि पहाटे ख्याल ऐकतो. या दोन्ही गोष्टी मला सारख्याच प्रिय असल्यामुळे, दोहोंसाठी एकच हेडफोन पुरेल का, हे मला स्वतः वापरून पाहायचे होते.

आधी सराउंडविषयी, कारण जास्तीचे पैसे बहुधा त्या एका शब्दासाठी मोजले जातात. माझ्या हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला एक, असे दोनच ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारे छोटे स्पीकर, आहेत. मागचा-पुढचा आवाज हा सॉफ्टवेअरने निर्माण केलेला भास असतो. बाजूने आलेला आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा एक मिलिसेकंदाहूनही कमी फरकाने आधी पोचतो, आणि डोके व कानाची पाळी यांच्यामुळे त्याचा पोत थोडा बदलतो. मेंदू दिशा ओळखतो ती या खुणांवरून, आणि सॉफ्टवेअर त्यांचीच नक्कल करते. व्हॅलोरंटमध्ये एचआरटीएफ या नावाने ही सोय मुळातच दिलेली आहे. ती चालू असताना हेडसेटचे ७.१ही चालू ठेवले, तर त्याच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते आणि दिशा गढूळ होते. पहिले तीन आठवडे मी नेमके हेच करत होतो, आणि जिन्यावरची पावले मागची की डावीकडची, याचा अंदाज सतत चुकत होता. ७.१ बंद करून साधा स्टिरिओ ठेवल्यावर ही अडचण जवळजवळ नाहीशी झाली.

खरे आश्चर्य मात्र ओपन-बॅकने दिले. गेमिंग हेडसेटमध्ये खर्ज मुद्दाम वाढवलेला असल्याने स्फोटाच्या गडगडाटाखाली पावले दबून जातात. ओपन-बॅकमध्ये ती स्वच्छ, काहीशी अंतरावर आणि आपापल्या जागी ऐकू येतात.

गाण्यात तर तुलनाच नको. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली आमच्याच जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. त्यांच्या गाण्यात तानपुरे किती सुरेल लागलेले असतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण ते कानांना पटले ते या हेडफोनमुळे. गेमिंग हेडसेटवर डग्ग्याची घुमार तानपुऱ्यावर पसरते आणि तारा एकमेकींत मिसळतात. ओपन-बॅकवर प्रत्येक तार छेडल्यानंतरची आस शेवटपर्यंत पुरते, आणि गायकाने सूर कोठून उचलला हे कळते. मात्र फोनला थेट जोडल्यावर माझ्याकडे त्याचा आवाज अपुरा पडला, म्हणून एक छोटा डॅक-अॅम्प, म्हणजे डिजिटल आवाजाचे रूपांतर करून तो वाढवणारे उपकरण, वेगळा घ्यावा लागला. तो खर्च किमतीत आधीच धरावा.

आता पावसाचे. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे पत्र्यांवर पाऊस कोसळू लागला की जाळीतून तो थेट कानात येतो. आवाज वाढवून त्यावर मात करण्याचा मोह आवरावा, कारण जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास एवढीच आहे. ते दोन महिने मी नाइलाजाने बंद हेडसेटच वापरला, आणि त्या काळात त्याने चांगली साथ दिली.

ब्लूटूथचा विचार मी केला नाही: आवाज पोचायला लागणारा विलंब खेळात जाणवतो, आणि माईक चालू होताच सामान्य ब्लूटूथ हेडफोनवर गाण्याचा दर्जा टेलिफोनसारखा होतो.

ज्यांना एकच घेणे शक्य आहे, त्यांनी खोली शांत असल्यास ओपन-बॅक आणि टेबलावर ठेवायचा साधा माईक घ्यावा, असे मी सांगेन. घरात वर्दळ असेल किंवा शेजारी कोणी झोपत असेल तर बंद कपांना पर्याय नाही, कारण ओपन-बॅकचा आवाज बाहेरही तेवढाच जातो. माझ्या हेडसेटचे रेक्झिनचे इअरपॅड पावसाळी दमटपणात बुरशी धरून सोलू लागले आहेत; ओपन-बॅकचे मखमली पॅड मात्र दोनदा हाताने धुऊनही जसेच्या तसे आहेत.