स्प्लिट लेव्हल हॉल: राहून पाहिल्यानंतर

बैठं घर, वर मजला नाही, म्हातारपणी जिना नको म्हणून घेतलेलं. आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई अडली ती हॉलमध्ये उतरायच्या तीन पायऱ्यांपाशी! स्प्लिट लेव्हल म्हणजे आमचा हॉल बाकी घरापेक्षा दीड फूट खाली आहे.

खोलगट हॉल दिसायला देखणा आहे, हे आजही मान्य. भिंत न घालता बैठक वेगळी होते, छत ११ फुटांवर जातं, खोली मोठी वाटते. सुरुवातीला मीही येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचे. पण वॉकरचे चार पाय १० इंचांच्या पायरीवर मावतच नाहीत. पुढचे दोन पायरीवर टेकतात, मागचे दोन अधांतरी. म्हणजे आईला टीव्हीसमोर बसायचं तर दर वेळी कुणीतरी धरायला हवं. तिने हॉलमध्ये येणंच सोडलं, याचा मला फार राग आहे.

आर्किटेक्ट म्हणाले, रॅम्प टाका. रॅम्पला १:१२ चा उतार धरतात. दीड फूट उंचीला १८ फूट लांबी, वर-खाली वळायला पाच-पाच फूट मोकळी जागा. झाले २८ फूट. आमचा हॉलच १६ फुटी!

त्याहून वाईट म्हणजे पायऱ्यांना आणि हॉलला एकच फरशी. दुपारी खिडकीतून ऊन आलं की वरून बघताना कडा दिसतच नाहीत, सगळं सपाट वाटतं. शेवटच्या पायरीवर धडधाकट माणसंही अडखळली आहेत. हे नकाशा काढणाऱ्याला सुचू नये?

इथवर लिहून ठेवलं होतं तेव्हा एकच स्टार देणार होते. नंतर प्रत्येक कडेला गडद पट्टी लावली, दोन्ही बाजूंना हँडरेल बसवले. सुताराने ते शेवटच्या पायरीपाशीच तोडले होते; फूटभर पुढे वाढवून घेतले, कारण खरा आधार लागतो तो पाय जमिनीवर टेकताना. आता आई कुणी सोबत असलं की उतरते. एकटी नाही.

म्हणून भराव घालून हॉल वर घ्यायचं ठरलंय. छत साडेनऊ फुटांवर येईल, चालेल. पण खालचे प्लग पॉइंट गाडले जाणार, ते आधी वर घ्यायचे. खिडकीची सिल, म्हणजे खालची कड, अडीच फुटांवरून एका फुटावर येणार, तिथे ग्रिल हवंच. नकाशा कागदावर असताना लेव्हल एकच ठेवली असती तर यातलं काहीच लागलं नसतं. उंचीच हवी होती तर छत वर घ्यायचं, जमीन खाली कशाला?

सध्या दोन स्टार, तेही हँडरेलमुळे.