परसातलं सफरचंद फुलवायचं: पाणी तोडावं की पानं उतरवावीत?

कोल्हापुरात सफरचंदाचं झाड वाढतं, त्याचं आता कुणाला नवल नाही. अडतं ते फुलावर. तीन-चार वर्षांचं झाड हिरवंगार होऊन माडीला टेकतं, पण कळीचा पत्ता नसतो.

आधी जात बघा. सिमला-काश्मीरकडच्या डेलिशससारख्या जातींना सात अंशांखालच्या थंडीचे ८०० ते १००० तास लागतात. आपल्याकडे ऐन जानेवारीतही पहाटेचा पारा सहसा चौदा-पंधराच्या खाली जात नाही. तसलं कलम किंवा बाजारातल्या फळाच्या बीचं झाड असेल, तर पुढचं सगळं वाचूनही उपयोग नाही. सावलीसाठी ठेवा नाहीतर काढा. अ‍ॅना, डॉरसेट गोल्डन किंवा हरिमन-९९ यांपैकी कमी थंडीवर भागणारी जात असेल तरच बोलण्यात अर्थ आहे. पण या जातींनाही थोडी थंडी हवीच असते, आणि तेवढीही आपल्याकडे पडत नाही. म्हणून बहार आपणच धरावा लागतो, म्हणजे झाडाला फुलायला लावावं लागतं.

डाळिंबवाल्यांच्या सवयीनं बरेचजण पहिल्यांदा ताण देतात. पाणी तोडायचं, आळं उघडं करायचं, पानं पिवळी पडून गळायची वाट बघायची. यात कष्ट नाहीत, एवढाच फायदा. पंचगंगेकाठच्या काळ्या रानात परतीच्या पावसाची ओल लवकर हटत नाही. शहरात तर शेजारच्या मोरीचं पाणीही मुळाशी येतं. ताण बसतो तो अर्धवट: एक फांदी फुलते, दुसरी पानं धरून बसते. पन्हाळा-राधानगरीकडच्या तांबड्या निचऱ्याच्या मातीत किंवा मोठ्या कुंडीत पाणी आपल्या हातात असतं, तिथं ताण थोडाफार चालतो. पण कोवळ्या झाडाला तो सोसत नाही, आणि कुंडीतलं झाड हातचं जायला वेळ लागत नाही.

दुसरी रीत पानं हातानं उतरवायची. इंडोनेशियात जावा बेटावरच्या बाटू भागात, विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, सफरचंदाच्या बागा याच रीतीवर चालतात. फळ उतरलं की पानं काढायची आणि वर्षात दोन बहार घ्यायचे. पुढच्या बहाराचे डोळे, म्हणजे काडीवरचे मिटलेले कोंब, आदल्या हंगामातच तयार झालेले असतात, पण झाडावर पानं असेपर्यंत ती त्यांना दाबून ठेवतात. डोळे गाढ झोपेत जायच्या आत पानं काढली, तर थंडीवाचूनही ते फुटतात.

सगळी मेख वेळेत आहे. शेंडा वाढायचा थांबलेला हवा, पानं जाड आणि गडद झालेली हवीत, आखूड काड्यांच्या टोकाचे डोळे गुबगुबीत दिसायला हवेत. शेंडा कोवळा असताना पानं काढली की नुसती पालवी येते. कोल्हापूरला डिसेंबरअखेर ते जानेवारीचा पहिला आठवडा मला सगळ्यात सोयीचा वाटतो. तीन-चार आठवड्यांत फूल दिसतं. अ‍ॅनाला फुलापासून फळापर्यंत साडेतीन-चार महिने लागतात, म्हणजे मृगाच्या आत फळ घरात. पान ओढू नका, डोळा सोलून निघतो. कात्रीनं कापा आणि देठ राहू द्या, तो आपसूक गळतो. मग हलकी छाटणी करून भरपूर पाणी द्या. एका झाडाला अर्धा दिवस मोडतो आणि मान दुखते, हे खरं.

तासगाव-मिरजेकडचा एखादा पाहुणा द्राक्षाला डोळे फोडायला लावतात ते औषध सुचवेल. हायड्रोजन सायनामाइड परसात नको. ते विषारी आहे, आणि फवारणीच्या आगेमागे दारू घेतली तर जिवावर बेततं.

माझा कौल पानांच्या बाजूनं, पण दोन गोष्टी त्याआधी कराव्या लागतात. उभ्या सरळ फांद्या पावसाळ्यात सुतळीनं ओढून निम्म्या आडव्या करा. उभ्या फांदीला वाढायची घाई असते, आडवीला फूल धरतं. आणि शेणखत, प्रेसमड (साखर कारखान्यातली मळी), युरिया ऑगस्टनंतर बंद. आपल्याकडं गोठ्यातलं शेण फुकट मिळतं म्हणून पाट्याच्या पाट्या ओततात. मग झाड पानातच रमतं.

अजून कलम घ्यायचं असेल आणि जागा एकाच झाडाची असेल, तर हरिमन-९९ घ्या. हिमाचलमधल्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या हरिमन शर्मांनी ही जात पुढं आणली, आणि ती एकटीही फळ धरते असं सांगतात. दोन झाडं बसत असतील तर अ‍ॅना आणि डॉरसेट गोल्डन. अ‍ॅनाला परपरागीकरण, म्हणजे दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग, लागतं आणि डॉरसेट तिच्याच सुमारास फुलते. मात्र दोन्हींची पानं एकाच दिवशी उतरवा, नाहीतर एकीचा बहार संपल्यावर दुसरी फुलायची.