कारवान कुत्री आणि हुंगायची चटई : तीन महिने वापरून

आमची हरणी दहा महिन्यांची आहे. जात कारवान, म्हणजे मुधोळ हाउंड. २००५ साली पोस्टानं जिचं तिकीट काढलं ती. आणि आम्ही राहतो कोल्हापुरात, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या नि एक गॅलरी. ही अक्कल कुणाची ते विचारू नका.

आधी वाटलं, पळवली की दमेल. पहाटे गाडीशेजारी दोरी धरून पळवायचो. महिनाभरात तिचा दम असा वाढला की परत आल्यावर ती ताजीतवानी आणि मी आडवा. वर आईची चपल फाडायला मोकळी. नेहमी डावीच. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी झापलं : हाडं अजून वाढताहेत, गाडीबरोबर पळवणं बंद करा, डोक्याला काम द्या.

म्हणून ही चटई मागवली. पुण्यातल्या एक ताई घरी बनवतात, कुरिअर धरून ६५० रुपये. भोकाभोकाच्या रबरी तुकड्यात मऊ कापडाच्या चिंध्या गाठी मारून बसवल्यात. पायपुसण्याला केस फुटल्यासारखं दिसतं. चिंध्यांत खाणं पेरायचं, कुत्र्यानं हुंगून शोधायचं, एवढाच खेळ.

मला शंका होती. कारवान ही नजरेनं शिकार करणारी जात, लांबवर ससा हलला की सुटणारी. हुंगत बसणं बीगलसारख्या नाकानं शिकार करणाऱ्या जातीनं करावं. पहिल्या दिवशी तसंच झालं : बाईंनी चटईचं टोक दातात धरून दोनदा झटकलं आणि तिच्या खाण्याचे दाणे गेले कपाटाखाली. दुसऱ्या दिवशी दोन कोपरे कॉटच्या पायांखाली दाबले आणि दाण्यांऐवजी भाजलेल्या कलेजीचे तुरीएवढे तुकडे पेरले. मग मात्र मान खाली गेली. फुस्स फुस्स श्वास, डोळे अर्धे मिटलेले, पुढं जाऊन परत त्याच चिंधीपाशी मागं. वाटीतलं जेवण मिनिटभरात उडवणारी पोरगी इथं १८ मिनिटं रमली. मग पाणी प्याली आणि चारी पाय वर करून झोपली. तासभर पळवून जे जमलं नव्हतं, ते हे. नजरेची जात झाली तरी नाक कुत्र्याचंच.

आता तक्रारी. गाठी एकेरी आहेत, दुसऱ्या महिन्यात चिंध्या निघायला लागल्या. ही बारीक गोष्ट नाही. चिंधी गिळली तर आतड्यात अडकते. म्हणून चटई देऊन बाहेर जायचं नाही, समोर बसायचं आणि खाणं संपलं की उचलायची. कलेजीमुळं मुंग्या लागतात, आठवड्याला धुवावीच लागते. उन्हाळ्यात ठीक, पण पावसाळ्यात वाळायला दोन दिवस, आणि त्या दोन दिवसांत चपला कपाटात. तेव्हा जुन्या टॉवेलात दाणे गुंडाळून देतो. तेही चालतं, फक्त पाच मिनिटांत संपतं.

फिरणं यामुळं सुटत नाही. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास जातोच, फक्त आता ती जिथं हुंगेल तिथं मी थांबतो. खांबापाशी चार मिनिटं उभा असलेला माणूस बघून लोक हसतात, हसू देत.

पाचपैकी साडेतीन. दुसरी चटई सांगितली आहे, गाठी दुहेरी मारा म्हटलंय. ताई म्हणाल्या, पन्नास रुपये जास्त पडतील. घ्या म्हटलं, चपलेपेक्षा स्वस्त आहे.