कंडेन्सिंग बॉयलर घेताना काय बघितलं: व्हीसमन व्हिटोडेन्स १००-डब्ल्यू, एका हिवाळ्यानंतर

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड घर, बाथरूम एकच. सप्टेंबरात आमचा वीस वर्षांच्या वरचा बॉयलर, म्हणजे घर आणि नळाचं पाणी गरम करणारं गॅसचं मशीन, गेला, हीट एक्स्चेंजरलाच (ज्वाळेची उष्णता पाण्याला देणारा भाग) चीर पडली होती. नोव्हेंबरात आई-बाबा साताऱ्याहून येणार, म्हणजे हातात फार वेळ नव्हता. इथे २००५ पासून नवीन गॅस बॉयलर जवळपास सगळीकडे कंडेन्सिंगच बसवावा लागतो, त्यामुळे तो घ्यायचा का हा प्रश्नच नाही. कुठला घ्यायचा, केवढा घ्यायचा आणि चालवायचा कसा, हे तीन प्रश्न, आणि तिसऱ्याबद्दल बसवणारे लोक सहसा बोलतच नाहीत. म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी कंडेन्सिंग म्हणजे काय ते. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त बसतो हे भाताचं झाकण उचलताना आपण सगळ्यांनी अनुभवलंय. गॅस जळला की पाण्याची वाफ तयार होते, एक घनमीटर गॅसमागे साधारण दीड लिटर पाणी, आणि जुन्या बॉयलरमध्ये ती वाफ तशीच धुराड्यातून बाहेर जायची. गॅसच्या एकूण उष्णतेचा जवळजवळ दहावा भाग त्या वाफेत असतो. कंडेन्सिंग बॉयलर ती वाफ आतच थंड करून तिचं पाणी करतो आणि ती उष्णता रेडिएटरच्या (खोली गरम करणारे, गरम पाणी फिरणारे भिंतीवरचे पत्रे) पाण्याला देतो. पण वाफेचं पाणी व्हायला रेडिएटरमधून परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असावं लागतं, जितकं गार तितकं चांगलं. बॉयलर ७५-८० अंशांवर ठेवला तर परत येणारं पाणीच साठच्या पुढे असतं, मग कार्यक्षमतेच्या लेबलवर ए असो नाहीतर ९२ टक्के लिहिलेलं असो, वाफ जाते बाहेरच.

तीन कोटेशन घेतली. पहिल्याने फोनवरच ३८ किलोवॅटचा सांगून टाकला, ना रेडिएटर मोजले ना घर बघितलं. मी स्मार्ट मीटरवर मागच्या हिवाळ्यातला सगळ्यात थंड दिवस शोधला, त्या दिवशी १५० युनिट (किलोवॅट-तास) गॅस जळला होता. भागिले २४ तास, म्हणजे सव्वासहा किलोवॅट. तेवढ्यात घर दिवसभर गरम राहिलं होतं! मग हीटिंगसाठी ३८ कशाला? मोठा आकडा लागतो तो नळाच्या गरम पाण्यासाठी, कारण कॉम्बीत (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा बॉयलर, आमचा तसाच) टाकी नसते, पाणी जागच्या जागी तापतं. ३० किलोवॅटला मिनिटाला साधारण १२ लिटर पाणी ३५ अंशांनी तापतं, एका बाथरूमला ते भरपूर झालं. आई शॉवर घेत नाही, तिला बादलीच लागते, आणि वीस लिटरची बादली दोन मिनिटांच्या आत भरते, जानेवारीतसुद्धा. दोन बाथरूम एकदम वापरणारं घर असेल तर मात्र कॉम्बीच्या नादी लागू नका, सिलिंडरवाला, म्हणजे गरम पाण्याची टाकी असलेला, सिस्टम बॉयलर बघा.

त्यामुळे माझ्या मते मोठ्या आकड्यापेक्षा छोटा आकडा बघायचा, म्हणजे बॉयलर कमीत कमी किती पॉवरवर चालू राहू शकतो. तो आकडा ८-९ असेल आणि घराला ४ च लागत असतील तर बॉयलर सारखा चालू-बंद होत राहतो, गॅस वाया जातो आणि मशीनही झिजतं. वॉर्सेस्टर बॉश, व्हेलंट, आयडियल सगळ्यांची पत्रकं वाचली, शेवटी व्हिटोडेन्स १००-डब्ल्यूचं ३० किलोवॅटचं मॉडेल घेतलं, कारण ते ३ किलोवॅटच्या आसपास खाली येतं, हीट एक्स्चेंजर स्टेनलेस स्टीलचा आहे आणि बाहेरच्या तापमानाचा सेन्सर त्याला जोडता येतो. हा सेन्सर उत्तरेच्या भिंतीवर लावलाय, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी पांढरी डबी. बाहेर १२ अंश असेल तर रेडिएटरचं पाणी ३५-४०, बाहेर शून्य असेल तर ५०-५२, आपोआप. याला वेदर कॉम्पेन्सेशन म्हणतात. कोटेशनमध्ये हे लिहून मागा, मागितल्याशिवाय फारसं कोणी लावत नाही.

पहिल्या आठवड्यात आईने रेडिएटरला हात लावून सांगितलं, हा बिघडलाय, कोमटच आहे. पण खोलीत २० अंश होते आणि रात्रभर २० च राहिले. पूर्वी रेडिएटर चटका बसेल इतका तापायचा, तासाभरात घर गार, परत तापायचा. आता आई स्वेटर काढून बसते. बाहेर सिंकच्या गटाराशी पाइपमधून थेंब-थेंब पाणी पडताना दिसतं, ते बघून मला खरंच समाधान वाटतं, तीच ती वाचलेली वाफ.

आता त्रास झाला तो. ज्यांनी बसवला त्यांनी हाच कंडेन्सेटचा (वाफेच्या पाण्याचा) पाइप बाहेरच्या भिंतीवरून तीन-चार मीटर फिरवला, बारीक आणि उघडा. जानेवारीत सकाळी सहाला बॉयलर बंद, आतून गुडगुड आवाज, आई-बाबा ब्लँकेटमध्ये. पाइप गोठला होता. कोमट पाणी ओतून (उकळतं नाही, पाइप तडकतो) अर्ध्या तासात सुटला, नंतर जाड ३२ मिमीचा करून वर लॅगिंग (थंडी अडवणारं आवरण) घालून घेतलं. शक्य असेल तर हा पाइप घरातल्या घरात किचन सिंकच्या ड्रेनला जोडायला सांगा, आणि प्लॅस्टिकचाच, कारण हे पाणी आम्लयुक्त असतं, तांब्याला खातं. बसवणाऱ्याचं गॅस सेफ कार्ड (गॅसचं काम करायच्या नोंदणीचं ओळखपत्र) मागा, मागच्या बाजूला तो कुठल्या कामाला पात्र आहे ते लिहिलेलं असतं. जुने रेडिएटर फ्लश करून मॅग्नेटिक फिल्टर लावलाच पाहिजे, आमच्या फिल्टरमधून पहिल्या सर्व्हिसला काळा चिखल निघाला. रेडिंगचं पाणी जड, किटलीत पांढरा थर बसतो तसाच बॉयलरमध्येही बसतो, म्हणून स्केल रिड्यूसरही घेतला. आणि दरवर्षीची सर्व्हिस चुकवू नका, वॉरंटी त्यावरच असते.

पैशाचं सरळ सांगते. सगळं मिळून २,९०० पाउंड गेले. वर्षाला १६,००० युनिट लागायचे ते १२,८०० वर आले, म्हणजे साधारण २०० पाउंड वाचतात. म्हणून चांगला चालणारा बॉयलर फक्त बचतीसाठी काढू नका, आधी त्याचंच फ्लो टेंपरेचर (रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान) ६० वर आणून बघा, कॉम्बीला त्याचा एक पैसा खर्च नाही. हीट पंपाचाही (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत आणणारं मशीन) विचार केला होता, ७,५०० पाउंडची सरकारी ग्रँट मिळते, पण आमच्याकडे सिलिंडरला जागाच उरलेली नाही. ज्यांच्याकडे एअरिंग कपबोर्ड (गरम पाण्याची टाकी ठेवायचं कपाट) अजून शाबूत आहे त्यांनी बॉयलरची ऑर्डर द्यायच्या आधी हीट पंपाचं एक कोटेशन नक्की मागवा.