जानापाव की कालाकुंडची गाडी? मुलांचा एक रविवार

पाऊस लागला की इंदूरला येणारे पाहुणे एकच विचारतात, "मुलांना डोंगर दाखवायचाय, कुठे नेऊ?" सकाळी पोहे खाऊन निघायचं आणि रात्री जेवायला घरी यायचं, या बेतात तीन जागा बसतात. लेक आठची आणि धाकटा साडेचारचा, दोघांना घेऊन आम्ही तिन्ही केल्या आहेत.

रालामंडलचं लगेच सांगून टाकते. शहराला खेटून असलेली टेकडी, १९८९पासून अभयारण्य, माथ्यावर होळकरांची शिकारगाह. सकाळ छान जाते. पण अकराला मुलं "आता काय?" म्हणतात, म्हणून ते दिवसभराचं ठिकाण नव्हे.

खरी चुरस उरलेल्या दोघांत: कालाकुंडची आगगाडी आणि जानापावचा डोंगर.

पातालपाणी-कालाकुंड ही मीटरगेजची हेरिटेज गाडी २०१८च्या डिसेंबरात सुरू झाली. लोहमार्ग मात्र १८७०च्या दशकातला, तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटीचं कर्ज देऊन आणवलेला. अंतर जेमतेम साडेनऊ किलोमीटर, पण सगळा घाट. बोगदा आला की अख्खा डबा ओरडतो. आमच्या धाकट्याला पातालपाणीच्या धबधब्यापेक्षा तेच आवडलं. कालाकुंडला पळसाच्या पानावर कलाकंद मिळतो. पान चाटून झाल्यावर त्याने ते टोपीसारखं डोक्यावर घातलं, केस दिवसभर चिकट.

उणी बाजूही आहे. गाडी रोज नसते, वेळापत्रक बदलत राहतं, तेव्हा आधी चौकशी करा आणि तिकीट काढूनच निघा. बराच वेळ बसून जातो. आणि पातालपाणीच्या पाण्यात उतरू नका, अगदी गुडघाभर दिसलं तरी. वर कुठेतरी पाऊस झाला की इथे कोरड्या आभाळाखाली लोंढा येतो. २०११च्या जुलैत माणसं अशीच वाहून गेली. धबधबा कठड्याआडून बघायचा.

जानापाव महूच्या पुढे, मुंबईच्या रस्त्याला. उंची साडेआठशे मीटरच्या आसपास. माथ्यावर परशुरामाचं देऊळ आणि कुंड. चंबळेचा उगम इथलाच. मोटार थेट वर जाते, आणि बहुतेक जण तिथेच चुकतात. एकाने मोटार वर न्यावी, बाकीच्यांनी पायवाटेने चढावं. वाट झाडीतली, पावसात निसरडी, म्हणून चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. दशम्या आणि चटणी घरूनच न्या. कार्तिकी पौर्णिमेला जत्रा असते, तो दिवस टाळा.

वर लेकीला सांगितलं, उत्तरेच्या उतारावरचं पाणी चंबळ, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागराला जातं आणि दक्षिणेकडचं नर्मदेतून अरबी समुद्राला. तिने बाटली काढली, एक घोट या बाजूला ओतला, एक त्या बाजूला. मग विचारलं, "आधी कोण पोचेल?" उतरताना तिघांचा वाद तोच.

पाचाच्या आतलं मूल किंवा सोबत आजी असेल तर कालाकुंडची गाडी. सातच्या पुढचं, चालायची खोड असलेलं मूल असेल तर डोळे झाकून जानापाव; माझा कौल तिकडेच. दोन्ही वयांची मुलं असतील तरीही जानापावच, फक्त धाकट्याला मोटारीतून वर पाठवा. आमच्याकडे ते काम नवरा आनंदाने करतो, त्याचे गुडघे दुखतात म्हणे.