उंची न विचारता क्लच विकणारा

1,543 डॉलर 50 सेंट. एका ऑनलाइन क्लच विक्रेत्याच्या नादात माझे एवढे गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे दहा-वीस डॉलरसाठी हा माणूस बोंबलतोय असं कोणाला वाटायला नको. आणि हेही आधीच सांगतो की मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. कॉलेजात बेल्ट ड्राइव्हची गणितं पानंच्या पानं सोडवली आहेत. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. बायकोचं हसून झालंय.

मी मिनेसोटात राहतो. इथे आल्यावर चौथ्या हिवाळ्यात स्नोमोबाइलचं, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या मोटर-स्लेजचं, वेड लागलं आणि एक जुनी 800 सीसीची टू-स्ट्रोक घेतली. गाडी चांगली, पण दहा-बारा मैल झाले की बाजूच्या पॅनेलमधून तापलेल्या रबराचा वास यायचा. इंजिनाची ताकद पुढे नेणारा बेल्ट तापत होता. डीलरकडे फोन केला तर तीन आठवड्यांनंतरची तारीख. इथे ट्रेल, म्हणजे स्नोमोबाइलचे बर्फातले रस्ते, डिसेंबर ते मार्च उघडे असतात, तेही बर्फाची मर्जी असेल तर. तीन आठवडे थांबायचं म्हणजे अर्धा हंगाम गॅरेजमध्ये. त्यामुळे मी रात्री अकरा वाजता मोबाइलवर शोधायला बसलो, यात माझं फार चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. चुकलं ते पुढे.

‘खास तुमच्या मशीनसाठी जुळवलेलं क्लच किट. जास्त पिकअप, थंड बेल्ट, 12 हॉर्सपॉवरची वाढ.’ सोबत डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख, क्लचमध्ये बसणाऱ्या चकचकीत वजनांचे फोटो, सोनेरी स्प्रिंग. किट 649 डॉलर, ‘वैयक्तिक ट्यूनिंग सल्ला’ 120 डॉलर, पोस्टेज 38 डॉलर 50 सेंट. एकूण 807 डॉलर 50 सेंट. शिवाय तुमची जुनी वजनं आणि स्प्रिंग पाठवलीत तर 60 डॉलर परत. माणूस पाच मिनिटांत उत्तर द्यायचा, गोड बोलायचा, मला ‘बडी’ म्हणायचा. डीलर फोन उचलत नाही आणि हा रात्री पावणेबाराला उत्तर देतो, म्हटल्यावर माणूस विरघळणारच की.

12 हॉर्सपॉवर! क्लच हॉर्सपॉवर वाढवत नाही हो. इंजिन जे काढतं ते बर्फावरच्या पट्ट्यापर्यंत कमीत कमी गळतीने पोचवणं, एवढंच त्याचं काम. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी मनाची समजूत घातली की ‘जाहिरातीत लिहितात तसं’.

पण खरी गोष्ट त्याहून लाजिरवाणी आहे. ‘ट्यूनिंग सल्ल्या’साठी फोन झाला. 120 डॉलरचा फोन, 11 मिनिटांचा. त्याने गाडीचं मॉडेल विचारलं, वर्ष विचारलं, पत्ता विचारला, पैसे कसे पाठवणार ते विचारलं. एक प्रश्न विचारला नाही: तुम्ही किती उंचीवर चालवता?

हा प्रश्न न विचारता क्लच जुळवायला बसणं म्हणजे डोळे न तपासता चष्मा देणं. आपल्याकडच्या गिअरलेस स्कूटरमध्ये व्हेरिएटर असतो, रोलर बाहेर सरकतात आणि बेल्ट वर चढतो, तीच युक्ती इथे मोठ्या प्रमाणात आहे. इंजिनाच्या क्रँकवर प्रायमरी क्लच, त्यात तीन वजनं आणि एक स्प्रिंग. दुसऱ्या टोकाला सेकंडरी, त्यात हेलिक्स (तिरक्या उताराचा तुकडा) आणि आणखी एक स्प्रिंग. वजनं फिरताना बाहेर फेकली जातात आणि बेल्टला दोन्ही बाजूंनी आवळतात. वजन जड असेल तर इंजिन कमी आरपीएमवर दबतं, हलकं असेल तर वर पळतं. साधारण एका ग्रॅमला शंभर आरपीएम असा हिशोब धरतात. सगळी कसरत कशासाठी, तर इंजिनाची पूर्ण ताकद ज्या आरपीएमवर आहे तिथेच त्याला धरून ठेवायचं. माझ्या इंजिनाला 8,250.

आता उंची. दर हजार फुटांना इंजिनाची ताकद सुमारे तीन टक्के घटते, कारण हवा विरळ होते. नऊ हजार फुटांवर पाव ताकद गेलेली असते. म्हणून डोंगरात चालवणारे हलकी वजनं लावतात आणि आम्ही सपाटीवरचे जड. हा तक्ता गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो. फुकट. माझ्या पुस्तिकेत 3,000 फुटांपर्यंत 66 ग्रॅम, मग दर 3,000 फुटांना दोन ग्रॅम कमी. पुस्तिका गॅरेजच्या फडताळात होती, मी फोनवर बोलत होतो तिथून चार पावलांवर. चढ-उतार, पट्ट्याची लांबी, स्वाराचं वजन, पुढच्या-मागच्या दात्यांचं प्रमाण, यातलंही त्याने काही विचारलं नाही. मला त्या क्षणी काहीतरी खटकलं होतं, शपथेवर सांगतो. पण मी स्वतःलाच म्हणालो, ‘पत्ता दिलाय ना, त्यावरून काढेल उंची.’ वा रे इंजिनियर.

पैसे त्याने पैसे पाठवायच्या ॲपमधल्या ‘मित्र-नातेवाईक’ या पर्यायातून मागितले. व्यवसायाच्या पर्यायात तीन टक्के फी जाते म्हणाला. म्हणजे 24 डॉलर 22 सेंट. तेवढे वाचवायला मी पैसे परत मागायचा हक्क सोडून दिला. जो कोणी वस्तू विकतोय तो तुमचा मित्रही नाही आणि मावसभाऊही नाही, हे मला कोणीतरी तेव्हा कानाखाली वाजवून सांगायला हवं होतं.

13 जानेवारीला खोका आला. मी वजनं बसवली, जुनी वजनं आणि स्प्रिंग 14 डॉलर 60 सेंट खर्चून त्याला पाठवली (जुने भाग कधीही, कधीही हातचे सोडू नका) आणि शनिवारी मिल लॅक्स सरोवरावर गेलो. सपाट गोठलेलं पाणी, उंची 1,250 फुटांच्या आसपास. थ्रॉटल दाबला तर काटा 8,800 वर. गाडी किंचाळतेय, पण पुढे जात नाहीये. दोन मैलांत वास. थांबून पॅनेल उघडलं, तापमानाची बंदूक प्रायमरीवर धरली: 228 अंश फॅरनहाइट. आधी, गाडी तापते म्हणून मी रडत होतो तेव्हा, ती 190 दाखवायची. दुसऱ्या फेरीत बेल्ट फाटला आणि दोऱ्यांचा गुंता प्रायमरीभोवती असा गुंडाळला गेला की पक्कड घेऊन बर्फावर चाळीस मिनिटं बसलो. बेल्ट 184 डॉलर 95 सेंट. त्याला फोन केला, तर म्हणाला बेल्ट जुना असेल. नवा घातला. तोही गेला. आणखी 184 डॉलर 95 सेंट.

मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. वजनं काढून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवली. 59.6, 60.4, 60.1. तिन्ही एकसारखीसुद्धा नाहीत! वजनांवर कंपनीचा नंबर ठोकलेला असतो, तो ग्राइंडरने घासलेला. स्प्रिंगचा सोनेरी रंग चाकूने खरवडला तर खाली मूळ कंपनीचा रंग. स्प्रिंगचा रंग ही तिची ओळख असते, सजावट नसते. म्हणजे कोणाच्या तरी गाडीतून निघालेले जुने भाग रंगवून मला विकले होते. 60 ग्रॅम म्हणजे माझ्या तक्त्यात 9,000 फुटांच्या वरचं वजन. अख्ख्या मिनेसोटातलं सर्वांत उंच टोक, ईगल माउंटन, 2,301 फुटांचं आहे. हलक्या वजनांनी बेल्ट नीट आवळलाच जात नव्हता, तो घसरत होता, आणि घसरणारा बेल्ट तापतो. थंड चालण्यासाठी पैसे मोजले आणि शेगडी विकत घेतली.

आणि माझी चांगली 66 ग्रॅमची वजनं? ती आता कुठल्यातरी डोंगरातल्या माणसाला ‘खास किट’ म्हणून गेली असणार. ते 60 डॉलर अर्थातच आले नाहीत.

आता तक्रारींची वरात. पैसे पाठवणाऱ्या ॲपने सांगितलं, व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला होता. पोलिसांकडे गेलो. पंचवीस मिनिटं बसवून ठेवल्यावर त्यांनी विचारलं, ‘वस्तू मिळाली ना?’ मिळाली. ‘मग ही दिवाणी बाब आहे.’ मी काउंटरवर वजनं ठेवली, घासलेला नंबर दाखवला. त्यांनी उचलून पाहिलं आणि ‘हे स्नोमोबाइलचं असतं होय?’ म्हणाले. राज्याच्या ग्राहक कार्यालयात नऊ पानी अर्ज भरला, फोटो, काट्याचे आकडे, तक्त्याचं पान, सगळं जोडलं. त्यांनी काय केलं? विक्रेत्याला पत्र पाठवलं. त्याने कळवलं, ‘ग्राहकाने भाग चुकीचे बसवले.’ 47 दिवसांनी मला पत्र: दोन्ही पक्षांत मतभेद असल्याने फाइल बंद. मतभेद! चोर आणि घरमालक यांच्यातही मतभेदच असतात. ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी वेबसाइटवर तक्रार टाकली, तिथून एक नंबर आला. तो मी जपून ठेवलाय, त्याचा दुसरा काही उपयोग नाही. छोट्या दाव्यांच्या कोर्टात विचारलं, तर तो दुसऱ्या राज्यात, तिकडे जाऊन दावा लावा म्हणे. विमानाचं तिकीट, सुट्टी, हॉटेल. प्रत्येक खिडकीवरचा माणूस सभ्य, हसरा, ‘तुमचा त्रास समजतो’ म्हणणारा. आणि प्रत्येकाकडे पुढच्या खिडकीचा पत्ता तयार. त्या बदमाशाला हे सगळं तोंडपाठ असणार. काहीतरी पाठवायचं, रिकामा खोका पाठवायचा नाही, म्हणजे कोणीच हात लावत नाही.

शेवटी डीलरकडे गेलो. त्याच तीन आठवड्यांच्या रांगेतून. मूळ वजनं 93 डॉलर, स्प्रिंग 41 डॉलर, दीड तासाची मजुरी 217 डॉलर 50 सेंट. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने क्लचला हातही लावायच्या आधी बॅटरी मारून इंजिनाखाली पाहिलं. इंजिन ज्यावर बसतं त्यातला एक रबरी माउंट खचला होता, त्यामुळे इंजिन किंचित तिरकं बसलं होतं आणि दोन्ही क्लच एका रेषेत नव्हते. बेल्ट म्हणून तापत होता. माउंटची किंमत 47 डॉलर (हे वरच्या हिशोबात धरलेले नाहीत, हा एकच खर्च योग्य होता). त्याने चकत्या घासून साफ केल्या, बेल्टची ढील बसवली, आणि दहा मैल फिरवून आल्यावर मला प्रायमरीवर हात ठेवायला सांगितलं. ठेवता आला.

त्याला मी किट दाखवलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘त्याने तुला उंची विचारली होती का?’ मी हो म्हणालो. खोटं बोललो. त्या वयाच्या माणसासमोर आणखी किती लाज काढून घ्यायची?

इथे ट्रेलवर कायद्याने ताशी 50 मैलांच्या वर जाताच येत नाही, हे बायकोने कालच पुन्हा सांगितलं. त्या वजनांचा डबा तिने फडताळात पुस्तिकेवर ठेवलाय. गेल्या आठवड्यात तोच डायनोचा आलेख एका नव्या नावाच्या पानावर दिसला. किट आता 699 डॉलर. मी खाली लिहिलं, ‘ग्राहकाला उंची विचारता का?’ दहा मिनिटांत मला ब्लॉक केलं. उत्तर द्यायला अजूनही तितकाच तत्पर आहे.