'टी' दाबला, खटका पडला आणि पंखा फिरतच राहिला

27 वर्षं बँकेत नोकरी केली. लोकांच्या सह्या तपासण्यात डोळे गेले. त्या मला दोन पोरांनी 22,000 रुपयांना शेंडी लावली. लिहायची लाज वाटते, पण आमच्याच विंगमधल्या 5 घरांनी पैसे दिलेत आणि सगळे गप्प बसलेत, म्हणून लिहितोय.

'विद्युत सुरक्षा तपासणी, मोफत' हा प्रकार तुम्हाला नवा नसेल. निळे शर्ट, गळ्यात कार्ड, हातात वही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी परवानगी दिलेली, म्हणजे आमच्या दृष्टीने सरकारी शिक्काच. आमची इमारत 1994 ची. वायरिंग जुनं, बाथरूमचा बोर्ड पिवळा पडलेला, ओव्हन लावला की प्लग गरम व्हायचा. म्हणजे भीती आधीपासून मनात होतीच, त्यांनी फक्त फुंकर घातली. ही काही मूर्खपणाची गोष्ट नव्हे. आई 81 वर्षांची आहे, घरात गिझर आहे, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

त्यांच्याकडे पेनासारखा टेस्टर होता, न टेकवता पीं पीं वाजणारा. स्विचबोर्डाजवळ नेला, वाजला. फ्रिजला लावला, वाजला. "काका, भिंतीत करंट उतरलाय." आता कळतं की तो टेस्टर चालू वायर जवळ असली की वाजतोच, वायरीवरचं आवरण शाबूत असलं तरी. चांगल्या घरातही वाजेल. हा टेस्टर दाखवून कुणी घाबरवलं तर दार लावून घ्या.

मग कोटेशन. वायरची 2 बंडलं 6,800, अर्थिंगचा खड्डा 6,500, आरसीसीबी 3,850, मजुरी 4,200, 'सुरक्षा प्रमाणपत्र' 1,200. एकूण 22,550. मी घासाघीस करून 550 कमी केले आणि स्वतःवर खूश झालो. 10,000 यूपीआयने दिले, 12,000 रोख. यूपीआयवर आलेलं नाव पावतीवरच्या नावाशी जुळत नव्हतं. "अकाउंट भावाचं आहे सर." बँकेतल्या माणसाने हे ऐकून घेतलं!

पण खरा क्षण हा नव्हे. काम संपल्यावर त्यांतल्या एकाने मला डीबीपाशी, म्हणजे घराच्या मुख्य स्विचबोर्डापाशी, उभं केलं. आरसीसीबी म्हणजे गळतीचा करंट 30 मिलिअँपिअरच्या आसपास गेला की सप्लाय तोडणारा स्विच, त्यावर 'टी' लिहिलेलं चाचणीचं बटण असतं. म्हणाला, "काका, तुम्हीच दाबा." दाबलं. खट्! दांडी खाली. तो म्हणाला, "बघा, जीव वाचला." मी म्हणालो, "वा!" आणि माझ्या डोक्यावर हॉलचा पंखा फिरत होता. फिरतच होता. गार वारा लागत होता मला! दांडी पडली तर घर अंधारायला हवं, पंखा थांबायला हवा, एवढं शाळेतल्या मुलाला कळेल. मी वर बघितलंच नाही. चार महिने झाले, रात्री जाग आली की मला तो पंखा दिसतो.

नंतर त्याने सॉकेटमध्ये फेज (करंट आणणारी वायर) आणि अर्थिंगच्या मध्ये 100 वॉटचा बल्ब लावून दाखवला. लख्ख पेटला. आणखी काय पुरावा हवा होता?

गेल्या महिन्यात आई आंघोळीला गेली आणि ओरडली, "अरे, नळाला मुंग्या येतायत." मेन पाडला आणि आमच्या जुन्या वायरमनला बोलावलं. (त्याला सोडून त्या दोघांना काम दिलं होतं, म्हणून फोन करतानाही तोंड लपवावंसं वाटत होतं.) त्याने गिझरचा सॉकेट उघडला आणि काही न बोलता मला जवळ बोलावलं. आत दोन बोटं लांबीची हिरवी वायर. एक टोक अर्थिंगच्या पिनेला, दुसरं तिथल्याच न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीला. बस्स, हेच आमचं अर्थिंग. बल्ब पेटणारच, कारण तो फेज आणि न्यूट्रलमध्येच पेटत होता. बोर्डातला न्यूट्रलचा जोड ढिला झाला, तसा करंट त्या हिरव्या वायरीने गिझरच्या अंगावर आला.

आरसीसीबीला फक्त वरून सप्लाय दिलेला. घराची लाइन मेनवरून परस्पर गेलेली. शोभेची वस्तू. वायरीची एक तार त्याने ब्लेडने खरवडली, तांबडा मुलामा निघाला आणि आतून पांढरं ॲल्युमिनियम. त्यावर 2 किलोवॉटचा गिझर, म्हणजे जवळपास 9 अँपिअर. बागेतल्या खड्ड्याचं हिरवं झाकण उचललं तर वीतभर पाइप, आणि त्याला वायरच जोडलेली नाही. दुरुस्तीला 14,300 गेले. म्हणजे 36,300.

आता दाद मागायची कथा ऐका. पोलीस चौकीत म्हणाले, "काम झालंय ना? मग फसवणूक कशी? निकृष्ट काम म्हणा, ग्राहक मंचात जा." बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. वीज कंपनीच्या कार्यालयात साहेब चहा पीत म्हणाले, "मीटरपर्यंत आमचं, पुढे तुमचं." नियमाने बरोबर आहे हो, पण तुमच्यासारखा शर्ट घालून लोक फिरतायत, त्याचं काय? त्यावर पुन्हा चहा. शेवटी विद्युत निरीक्षकाकडे गेलो. अर्जात रकाना, 'ठेकेदाराचा परवाना क्रमांक'. मी म्हणालो, परवाना नाही हीच तर तक्रार आहे. कारकून म्हणाला, "रकाना रिकामा ठेवता येत नाही." आणि मग, "अपघात झालाय का? कुणी दगावलंय?" आईला सोबत न्यायला हवं होतं, विचारलं असतं तिलाच! तीन फेऱ्या झाल्या, रिक्षाचे 640 वेगळे. हातात एक पोचपावती आहे, तारीख नसलेली.

काम देण्याआधी परवाना बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचं असा नियम आहे. वायरीवरचा आयएसआय चिन्हाजवळचा सीएम/एल नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. मी नंतर टाकला, सापडलाच नाही. अर्थिंगची खात्री बल्बवर करू नका. मेन पूर्ण पाडून सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर लावायला सांगा, वाजला तर दोन्ही एकमेकांना जोडलेत; आमच्याकडे तो तिथेच वाजला. नळाला, फ्रिजला मुंग्या आल्या तर 'थोडंसंच आहे' म्हणून चप्पल घालून वापरत बसू नका. आणि 'टी' दाबताना आधी वर बघा.

तिसऱ्या मजल्यावरच्यांना मी दोनदा जाऊन सांगितलं, बोर्ड उघडून घ्या. ते म्हणतात, "आमची दांडी पडते ना खाली!"